गोटीचा हात कुठे अडतो

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. कुठलीही गोष्ट मागे पडली, की तिच्यात कुठेतरी कचरा अडकलाय असंच त्याला वाटतं. गोटीच्या बापाला ही खोड पुरती लागली होती. पोरीचा चेंडू मंदावला तेव्हापासून तो तिला मनातल्या मनात सुटी करून तपासत होता. आधी बोटं तपासली, मग मनगट, कोपर, खांदा, कंबर, बूट. शेवटी गाडी तिच्या सकाळच्या खाण्यापर्यंत आली, तेव्हा गोटीच्या आईनं त्याला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं.

शाळेच्या पटावर गोटीचं चांगलं भारदस्त नाव होतं. पण रांगायच्या वयात हाताला येईल ते फेकायची, म्हणून घरात तिची गोटी झाली ती झालीच. आता ती सातवीत होती आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघात पिचर होती. होती म्हणजे शनिवारपर्यंत तरी होती. शनिवारी निवड होती, आणि संघाला शिकवणाऱ्या मॅडमनी बापलेकीला समोर उभं करून स्पष्ट सांगितलं होतं. चेंडूत जोर नाही, सगळे चेंडू एकाच बाजूला जातात, आणि मनगट असं वळवत राहिली तर वर्षभरात ते कामातून जाईल. शनिवारी हात मोकळा सुटला नाही तर गोटी मैदानाच्या टोकाला उभी राहील आणि चेंडू दुसरी कुणीतरी टाकेल. गोटीनं मान डोलावली होती.

सॉफ्टबॉलमध्ये पिचर चेंडू खालून टाकते. हात खांद्यातून पुरा गोल फिरतो. पुढचा पाय लांब झेप घेऊन सरळ रेषेत पडतो, मागचा पाय अंगठा घासत त्याच्यामागून येतो, आणि हात मांडीला चाटून जाताना मनगटाच्या एका झटक्यानं चेंडू सुटतो. त्यापुढे हाताला जिथे जायचं तिथे जाऊ द्यायचं असतं. गोटी नेमकी तिथेच कच खायची. सगळा गोल सुंदर फिरायचा आणि शेवटी, चेंडू सुटता सुटता, कुणी दंड धरल्यासारखा हात थांबायचा.

मॅडमचा एक जुना नियम होता. ज्या मुलीला पिचर व्हायचंय तिच्या घरात बादलीवर बसणारं एक माणूस पाहिजे. बाप, आई, काका, आजोबा, कुणीही चालेल. रंगाची रिकामी बादली पालथी घालायची, त्यावर बसायचं, हातात जाड चामड्याचा मिट घालायचा आणि रोज संध्याकाळी पोरीचे चेंडू झेलायचे. मैदानावर या मंडळींना बादलीवाले म्हणत. ते एकमेकांना सुजलेली बोटं दाखवत आणि त्यात त्यांना भलताच अभिमान वाटे. गोटीचा बाप त्यांच्यातला सगळ्यात जुना. इमारतीच्या तळघरात, गाड्यांच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या पट्ट्यात त्याची बादली असे. दिवसभर दुकानात डोळ्याला भिंग लावून तो मान मोडून बसायचा, आणि संध्याकाळी पोरगी 'बाबा, चल' म्हणाली की त्याचा सगळा शीण जायचा. वय वाढलं तशी गोटी घरात अबोल झाली होती. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात मात्र ती शाळेतलं सगळं सांगायची. कुणाचं कुणाशी भांडण झालं, कुठल्या सरांना हसू आवरलं नाही, सगळं. बादलीवर बसल्याशिवाय त्याला पोरीचा थांगपत्ता लागत नसे.

आणि याच माणसाला डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं.

एकदम झालं नाही. आधी मधोमध एक धुकट ठिपका आला, मग तो पसरला. डॉक्टरांनी बरंच तपासून सांगितलं की उजवा शाबूत आहे, डाव्याचं आता काही करता येणार नाही. दुकानात कुणाला पत्ताही लागला नाही, कारण भिंग तो उजव्याच डोळ्याला लावी आणि डावा मिटून घेई. मिटलेला डोळा आंधळा आहे की शहाणा, हे गिऱ्हाईक कशाला बघतंय? बायकोला त्यानं सांगितलं होतं, पण गोटीला सांगायचं नाही अशी शपथ घालून. गोटीला कळलं असतं तर तिनं त्याच्याकडे चेंडू टाकला नसता, आणि तिच्या वर्गातल्या भांडणांना तो कायमचा मुकला असता. याला काय म्हणायचं ते म्हणा, पण भीती खरी होती.

तर एके संध्याकाळी चेंडू आला आणि त्याच्या छातीत बसला. मिट जागेवर, चेंडू छातीत. कळ डोक्यापर्यंत गेली. गोटी धावत आली, तेव्हा तो म्हणाला, काही नाही गं, डोळ्यावर ऊन आलं. आता माणसानं खोटं बोलायचं तर निदान आजूबाजूला बघून बोलावं. तळघरात ऊन कुठून येणार? गोटीनं चेंडू उचलला, परत जाऊन उभी राहिली, आणि त्यानंतर तिचा चेंडू मंदावला.

त्याला वाटलं, पोरगी घाबरली, जाईल भीती. भीती गेली नाही, उलट चेंडू त्याच्या उजव्या हाताला जायला लागले, एकजात सगळे. पुढचं पाऊल वाकडं पडतंय हे त्यानं ताडलं आणि खडूनं जमिनीवर सरळ रेघ मारली. पाऊल या रेघेवर पडलं पाहिजे, असा हुकूम सोडला. गोटीनं पाऊल रेघेवर आणलं आणि मनगट आतल्या बाजूला वळवायला सुरुवात केली. चेंडू पुन्हा तिकडेच. मग त्यानं मनगटाचे धडे काढले. रोज तेच बोलणं चाले: हात सोड, गोटी, हात धरू नकोस. गोटी हो म्हणायची आणि हात धरायची. एकदा तो चिडून म्हणाला की तुझ्यात जिद्दच उरली नाही. तेव्हा तिनं ओठ दाबून धरला आणि मनगट चोळत उभी राहिली.

निवडीच्या आदल्या दिवशी सकाळी बायकोनं त्याला दारात अडवलं. आज तुम्ही पोरीला डोळ्याचं सांगा, नाहीतर मी सांगते, असं तिनं ठणकावलं. तो म्हणाला, निवड होऊ दे. ती म्हणाली, निवड झाली की स्पर्धा होऊ दे म्हणाल. तो चपला चढवून दुकानात गेला.

दुपारनंतर बाजारातली वीज गेली. दिव्याशिवाय त्याचं काम चालत नव्हतं, तेव्हा शटर ओढून तो लवकर घरी निघाला. तळघराच्या उतारावर पाऊल टाकलं आणि आतून आवाज आला. ठाप्प. मग चेंडू घरंगळत गेल्याचा आवाज, आणि पुन्हा ठाप्प. असा भरीव आवाज त्यानं मोठ्या मुलींच्या सामन्यात ऐकला होता. कोण आलंय म्हणून तो खांबाआडून डोकावला.

गोटी एकटी होती. भिंतीला तिनं एक जुनी गादी उभी करून टेकवली होती आणि त्या गादीला ती चेंडू मारत होती. हात गोल फिरला, पाऊल सरळ पडलं, मनगट सरळ सुटलं, आणि हात, तोच हात, मोकळा होऊन खांद्याच्या वर निघून गेला. गादीच्या मधोमध खड्डा पडला. बापाला इतका आनंद झाला की त्याला ओरडावंसं वाटलं. कचरा निघाला! मग त्याची नजर बाजूला गेली. भिंतीकडेला त्याची बादली होती, रिकामी. तिच्यावर कुणी नव्हतं, म्हणून चेंडू असा जात होता. आनंद तिथल्या तिथे आंबला.

तो पुढे झाला तशी गोटी दचकली. त्यानं विचारलं, असा चेंडू कधीपासून टाकतेस?

"एकटी असले की टाकते," ती खाली बघत म्हणाली.

"मग माझ्यासमोर काय होतं तुला?"

गोटी चेंडूची शिवण नखानं खरवडत राहिली. शेवटी म्हणाली, "बाबा, तुला डावीकडचं दिसत नाही ना?"

गोटी मग थांबलीच नाही. छातीत चेंडू लागला त्या दिवशी, लागून गेल्यावर त्याचा मिट हलला होता, हे तिनं पाहिलं होतं. खात्री करायला तिनं जेवताना पाण्याचा पेला त्याच्या डाव्या हाताशी ठेवला, आणि त्याच्या हाताचा धक्का लागून तो लवंडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला, पुन्हा लवंडला. मग तिनं ठरवलं की चेंडू हळू टाकायचा आणि त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला टाकायचा. त्यानं रेघ मारल्यावर पाऊल तिकडे टाकता येईना, म्हणून मनगट वळवलं. दुखायचं, पण चालायचं. आता तर मैदानावर चेंडू झेलायला, कॅचर म्हणून, कुणीही समोर बसलं तरी हात आपोआप धरला जातो, असं ती म्हणाली आणि रडायला लागली.

म्हणजे इतके दिवस तो जे दुरुस्त करत होता ते बिघडलेलं नव्हतंच. पोरगी त्याला वाचवत होती आणि तो तिला जिद्द नाही म्हणून बोल लावत होता. अशा वेळी शहाण्या माणसानं पोरीला जवळ घेतलं असतं. पण शरम अंगावर आली की काही माणसं रागाच्या मागे लपतात, आणि हा त्यातलाच. त्यानं मिट चढवला, बादली ओढली आणि बसला.

"मी काही दयेवर बसत नाही इथे. टाक. आत्ता गादीला मारलास तसाच टाक."

गोटीनं मान हलवली.

"टाकणार नसशील तर उद्या मैदानावर जायचंही कारण नाही."

हे तो का बोलला ते त्यालाही सांगता आलं नसतं. जिभेला हाड नसतं, तेच खरं. गोटीनं डोळे पुसले आणि रेघेवर जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं मिट छातीसमोर धरला आणि एका डोळ्यात सगळा जीव गोळा केला. हात फिरलेला त्याला दिसला. त्यापुढचं काही दिसलं नाही. डाव्या कानाला वारा लागला आणि मागे पाण्याच्या पंपाच्या पत्र्यावर असा दणका बसला की उभ्या असलेल्या एका गाडीचा भोंगा वाजायला लागला.

त्याचा मिट तसाच छातीसमोर होता. गोटी जागेवरच खाली बसली होती आणि तिनं चेंडू टाकणारा हात दुसऱ्या हातानं घट्ट धरला होता. भोंगा थांबल्यावर ती म्हणाली, "परत सांगू नकोस मला. मी नाही टाकणार." आणि जिना चढून निघून गेली.

रात्री जेवणानंतर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. चांगली खरडपट्टी काढेल असं त्याला वाटलं होतं, तीच बरी झाली असती. पण ती एवढंच म्हणाली, "आता तरी उठा त्या बादलीवरून."

शनिवारी सकाळी मैदान ओलं होतं. गोटी आईशेजारी चालत होती, बाप दोन हात मागे. मैदानात कॅचरच्या पाठीमागे उंच जाळी होती आणि सगळे पालक त्या जाळीला नाक लावून उभे राहत. पोरीचा चेंडू सरळ आपल्याकडे येताना दिसतो, म्हणून ती जागा सगळ्यांना हवी असे. गोटी मैदानावर चेंडू टाकायची तेव्हा तिचा बाप इथेच असायचा; आजही तो मधोमध जाऊन उभा राहिला. दोघा-तिघा बादलीवाल्यांनी पाठीवर थाप मारली. आज काय, पोरगी काय म्हणते? तो हसला, पण ते हसू त्याचं त्यालाच परकं वाटलं.

आधी दुसऱ्या तुकडीतली एक उंच मुलगी आली. तिचा चेंडू सरळ होता, बरा होता. मॅडमनी मान डोलावली. मग गोटी आली. कॅचर बसली, जाड जाळीचा मुखवटा आणि छातीवर कवच चढवलेली दणकट पोरगी. गोटीचा पहिला चेंडू आला आणि बापानं डोळे मिटून घेतले. तो हळू होता, आणि एका बाजूला होता. दुसरा तसाच, तिसराही तसाच. उंच मुलीची आई सहानुभूतीनं त्याच्याकडे बघून हसली. त्या सहानुभूतीचा त्याला अतोनात राग आला.

मॅडमनी गोटीजवळ जाऊन काहीतरी सांगितलं, तिच्या कोपराला हात लावला, खांदा हलवून दाखवला, आणि परत येता येता मोठ्यानं म्हणाल्या, "आता शेवटचे थोडे. मग मला ठरवावं लागेल."

गोटी उभी राहिली. तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिची नजर नीट पाहिली. कॅचरच्या मिटकडे एकदा बघायची, आणि मग त्या पोरीच्या खांद्यावरून मागे, थेट त्याच्याकडे. मध्ये कॅचर होती, उंच जाळी होती, चेंडू त्याच्यापर्यंत येणं शक्यच नव्हतं. पण हाताला कुठे एवढं कळतं? हातानं तर रोज एकच गोष्ट घोकली होती, समोर बाबा आहे. तो त्या रेषेत उभा आहे तोवर हा हात सुटणार नाही, हे त्याला लख्ख दिसलं. हे दिसायला त्याला डाव्या डोळ्याची गरज पडली नाही.

हात सोड म्हणून ओरडायला तोंडाशी आलेले शब्द त्यानं गिळले आणि मागे वळला. बायकोनं त्याची बाही धरली. आत्ता कुठे चाललात, ती म्हणाली. हेच तर बघायला आलो ना आपण.

"उठतोय," तो म्हणाला, आणि माणसांतून वाट काढत फाटकाबाहेर गेला.

फाटकाबाहेर भिंतीला लागून सायकली लावल्या होत्या. तिथून मैदान दिसत नव्हतं. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. तो निघून गेलेला तिनं पाहिला असेल. कालचं बोलणं खरं करून गेला असं तिला वाटलं असेल. आत्ता ती मधोमध उभी असेल आणि जाळीमागची रिकामी जागा बघत असेल. आपण पुन्हा चुकलो, या विचारानं त्याचा जीव कासावीस झाला. परत आत धावत जावं म्हणून तो फाटकाकडे वळलासुद्धा.

आणि आवाज आला. ठाप्प.

जाळीमागची बडबड एकदम बंद झाली. मग पुन्हा तोच आवाज, आणखी भरीव. मॅडमचा आवाज आला, "पुढचा." पुन्हा तोच आवाज. त्यानं एक सायकल घट्ट धरून ठेवली. त्याची पोर आत चेंडू टाकत होती आणि तो बाहेर उभा राहून ऐकत होता. आयुष्यात त्याला कशाचा इतका आनंद झाला नव्हता आणि इतकं वाईटही वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं गोटी तणतणत बाहेर आली. नाकाचा शेंडा लाल.

"कुठे गेला होतास? मी बघते तर तू नाहीच. इतका राग आला मला."

"मग?"

"मग काय, टाकले." एवढं बोलून ती त्याच्या पोटाला घट्ट बिलगली, आणि तो तिच्या घामेजल्या केसांवरून हात फिरवत राहिला. मग कालच्या बोलण्याबद्दल तो चुकलो म्हणाला. हे त्याला सांगताना फार जड गेलं, पण सांगितलं.

मागून मॅडम आल्या. पिचर गोटीच, असं त्यांनी सांगितलं. त्यानं मग स्वतःहून त्यांना डोळ्याचं सगळं सांगून टाकलं, पोरीच्या मनगटाला मी कारण आहे म्हणाला. मॅडमनी गोटीचं मनगट दाबून बघितलं. मग म्हणाल्या, सोमवारपासून गोटीनं रोज संध्याकाळी इथेच सराव करायचा, याच कॅचरबरोबर. घरी चेंडूला हात लावायचा नाही. त्यानं मान डोलावली. गोटीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि बुटाची नाडी बांधायला वाकली.

मॅडम गेल्यावर ती दणकट कॅचर मुखवटा काखेत मारून फाटकातून बाहेर पडली. डावा हात झाडत होती, त्यावर फुंकर घालत होती. त्याला बघून म्हणाली, "काका, बघा, काय केलं तुमच्या मुलीनं माझ्या हाताचं."

त्यानं तिचा पंजा हातात घेतला आणि सवयीनं उजव्या डोळ्याजवळ नेला. तळवा लालबुंद झाला होता आणि अंगठ्याच्या मुळाशी फुगला होता. बर्फ लाव म्हणून त्यानं तिला सांगितलं, खूप पाणी पी म्हणूनही सांगितलं, आणि तरी तो हात त्याच्यानं लवकर सोडवेना. त्या पोरीच्या सुजलेल्या तळव्याचा त्याला हेवा वाटत होता.